जनीचं नाव कुठं गेलं?

मी गंगाखेड तालुक्यातला. पोटापाण्यासाठी मोबाइलची ॲप्स लिहितो. काही वर्षं पुण्यात काढली, आता परभणीत एका खोलीत बसून तेच काम करतो. फावल्या वेळात आईसाठी अभंग वाचायचं एक छोटं ॲप बनवलं. जनाबाई आमच्या गंगाखेडच्या, म्हणून सुरुवात त्यांच्या अभंगांपासून केली. दुकानात ठेवायचं नव्हतं, कुणाला विकायचं नव्हतं. आईच्या फोनवर चाललं की झालं.

पद्य दाखवायला तयार मिळणारी चौकट मला नको होती. लांब चरण पडद्याच्या रुंदीत मावला नाही की ती त्याला तोडते आणि उरलेला तुकडा पुढच्या ओळीत अगदी डाव्या कडेला आणून ठेवते. वाचणाऱ्याला वाटतं, नवा चरण सुरू झाला. छापील गाथेत असं होत नाही, तिथं उरलेला भाग आत सरकवून लावतात. म्हणून मी स्वतःची पेटी लिहिली. तुटलेला तुकडा दोन अक्षरं आत जाईल, कडव्यांत मोकळी जागा राहील आणि वर ‘अक्षर मोठं करा’ असं एक बटण असेल. ते बटण आईसाठीच होतं.

दोन दिवसांनी आईनं फोन समोर धरला आणि विचारलं, “ह्यात जनीचं नाव कुठंय रे? अर्धाच हाय का हा अभंग?”

मी पाहिलं. अभंग व्यवस्थित दिसत होता. अक्षरं मोठी, स्वच्छ, कुठं काही तुटलेलं नाही. फक्त शेवटचं कडवं नव्हतं. अभंगाची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात असते आणि तेच नेमकं पडद्यावर आलं नव्हतं. आईला तो अभंग पाठ नव्हता. पण जनाबाईंचा अभंग जनीच्या नावाशिवाय संपत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं अभंग तिथंच संपला असं धरलं असतं आणि पुढचा वाचायला घेतला असता.

चूक माझीच होती आणि दुरुस्ती एका ओळीची. पण त्या एका ओळीनं मला पडद्यावरच्या मराठीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लावलं. मराठी ॲप्सवर, संकेतस्थळांवर टीका होते ती बहुतेक भाषांतरावर: हा शब्द बोजड आहे, तो हिंदीतून उचललाय, इथं ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. हे सगळं रास्तच आहे. पण मजकूर ज्या पेटीत बसतो त्या पेटीवर टीका होताना मी पाहिली नाही. ती इथं करायची आहे, आणि सुरुवात माझ्याच पेटीपासून.

पडद्यावरची प्रत्येक गोष्ट पेटीत असते, आणि प्रत्येक पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत. पडदा भरण्याआधी दोन फेऱ्या होतात. पहिली मापाची: बाहेरची पेटी आतल्या प्रत्येकीला विचारते, ‘एवढी जागा आहे, तुला किती लागेल?’ दुसरी फेरी मांडणीची: सगळ्यांची उत्तरं आली की ती प्रत्येकीला जागा नेमून देते, ‘तू इथं, तू तिच्या खाली.’ मग रंगकाम होतं, म्हणजे अक्षरं प्रत्यक्ष उमटतात. गावजेवणाची पंगत अशीच बसते. आधी माणसं किती ते पाहायचं, मग पट्ट्या अंथरायच्या, आणि शेवटी वाढायला घ्यायचं. वाढपी निघाल्यावर कुणी पट्ट्या हलवत नाही.

हे सगळं यंत्राला सेकंदाला साठ वेळा करावं लागलं, तर प्रत्येक खेपेला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. म्हणून यंत्र काटकसर करतं. काही बदललं नसेल तर जुनं माप तसंच वापरतं. आणि काही बदललंय की नाही, हे ते स्वतः शोधत बसत नाही. ज्याचं बदललं त्यानं सांगायचं. तयार चौकटी हे आपोआप सांगतात. पण तुम्ही स्वतःची पेटी लिहिलीत की सांगायची जबाबदारी तुमची.

अँड्रॉइडमध्ये सांगायचे दोन मार्ग आहेत. एकाचं नाव ‘इनव्हॅलिडेट’: माझं रूप बदललंय, मला पुन्हा रंगवा. दुसऱ्याचं ‘रिक्वेस्ट-लेआउट’: माझं माप बदललंय, पुन्हा मोजा. दुसरा निरोप पेटीकडून तिच्या आईपेटीकडे, तिच्याकडून तिच्या आईकडे, असा थेट मुळापर्यंत चढत जातो. वाटेतल्या प्रत्येकीवर ‘जुनं माप धरू नका’ अशी खूण होते आणि पुढच्या खेपेला मोजणी वरून खाली पुन्हा होते. मी काय केलं होतं? बटण दाबल्यावर अक्षराचा आकार वाढवला आणि फक्त पहिला निरोप पाठवला. यंत्रानं सांगितल्याप्रमाणं केलं. मोठी अक्षरं रंगवली, पण लहान अक्षरांसाठी मोजलेल्या पेटीत. जे पेटीबाहेर गेलं ते कापलं गेलं, कारण बाहेरची पेटी आतल्यांचं कडेबाहेर गेलेलं दाखवत नाही. जनीचं नाव तिथं गेलं.

माझा मुख्य आक्षेप इथून सुरू होतो. मराठीकरण म्हणून जे काम आपल्याकडे चालतं, ते बहुतेक वेळा रंगकाम असतं, मोजणी नसते. इंग्रजीसाठी पेटी आखायची, तिची उंची ठरवून टाकायची आणि मग आतले शब्द मराठी करायचे. पेटीला कुणी विचारत नाही की हे तुझ्यात मावतं का.

मावत का नाही, हे आमच्याच जिल्ह्याच्या नावांवर दाखवतो. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके: परभणी, सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. फॉर्ममध्ये तालुका निवडायची यादी लिहायची झाली तर ही नऊ नावं एकाखाली एक येतील. ‘पालम’ आणि ‘मानवत’ यांना डोक्यावर किंवा पायाखाली काही नाही, ती कुठल्याही ओळीत मावतात. ‘जिंतूर’ला वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली दीर्घ उकार. ‘पूर्णा’ला वर रफार, खाली उकार. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या अंदाजानं बांधली असेल तर पहिला बळी या दोघांचा. रफार कापला गेला तर ‘पूर्णा’चं ‘पूणा’ होतं. पुण्यात बसून तपासणाऱ्याला ते चुकीचं वाटणारही नाही.

रुंदीचं तसंच. मजकूर किती लांब आहे याचा अंदाज अक्षरसंकेत मोजून घेण्याची सवय आम्हा लोकांना असते. ‘पूर्णा’ म्हणजे प, उकार, र, हलन्त, ण, काना: सहा संकेत. ‘मानवत’ म्हणजे पाच. संकेतांच्या हिशेबानं पूर्णा लांब. डोळ्यांना मात्र पूर्णा दोन अक्षरांची दिसते आणि मानवत चार. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, तेव्हा प्रत्येक वर्णाला ओळख मिळाली. माप मिळालं नाही. माप टंक ठरवतो, आणि टंक बदलला की ते बदलतं.

इतकंच नाही. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ यांची आपली वळणं प्रमाण धरली. चांगल्या टंकांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. मजकुरावर भाषेची खूण कोणती आहे हे पाहून टंक योग्य ते वळण काढतो. म्हणजे मजकुरातला एकही वर्ण न बदलता, नुसती खूण हिंदीची मराठी केली, तरी आकार बदलतो आणि त्याबरोबर रुंदीही बदलू शकते. पेटी लिहिणाऱ्यानं ‘मजकूर तोच आहे, पुन्हा कशाला मोजायचं?’ असं ठरवलं असेल तर तो फसतो.

ही अडचण संगणकानं आणलेली नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात देवनागरी जुळवायची ‘डिग्री’ म्हणून एक पद्धत होती. तीत मूळ अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार वेगवेगळ्या खिळ्यांवर असत आणि एकेक ओळ तीन थरांत जुळवावी लागे. बापूराव नाईकांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ सालच्या ग्रंथात देवनागरी मुद्रणाचा हा सगळा खटाटोप सविस्तर आला आहे. जुळाऱ्याचं काम किचकट होतं. पण एक गोष्ट तो विसरू शकत नव्हता: मात्रेला जागा लागते. जागा नसेल तर खिळा बसतच नाही. शिसं कापून घेत नाही, अडून राहतं.

मुद्रितं तपासताना लेखकानं मधेच एक शब्द वाढवला की त्या ओळीतला शेवटचा शब्द पुढच्या ओळीत, तिच्यातला त्याच्या पुढच्या ओळीत, असं परिच्छेद संपेपर्यंत खिळे सरकवावे लागत. पानाबाहेर गेलं तर पुढचं पानही हललं. म्हणून जाणता मुद्रितशोधक शब्द असा बदलायचा की तेवढ्याच जागेत नवा बसेल. आज पेटीतून पेटीकडे चढत जाणारा जो निरोप आहे, तो हाच. फरक एवढाच की तेव्हा एका शब्दाची किंमत जुळाऱ्याच्या बोटांना कळायची. आता ती कुणालाच कळत नाही, म्हणून निरोप द्यायचा राहून जातो.

न सांगण्याचा दोष असा. दुसरा दोष न ऐकण्याचा. आतली पेटी ओरडून सांगते की माझी उंची वाढली. पण बाहेरच्या पेटीत उंची आकड्यानं ठोकून ठेवली असेल तर मोजणीची फेरी होऊनही उत्तर तेच येतं. ही बहिरी पेटी आपल्याला रोज भेटते. बटणावरचे शब्द अर्धे आणि पुढे तीन टिंबं. पावतीवर आडनाव अर्धं. माझ्या एका नातेवाइकाच्या पावतीवर त्याच्या गावाचं नाव निम्मंच छापलं होतं आणि त्या निम्म्या नावाचं दुसरं गाव शेजारच्या तालुक्यात होतं. ते निस्तरायला त्याला दोन खेपा पडल्या. खिडकीमागच्या माणसाचं म्हणणं, सिस्टिममध्ये तसंच आहे. ते खरं नव्हतं. सिस्टिममध्ये नाव पूर्ण होतं, छापणारी पेटी लहान होती.

न ऐकण्याची ही सवय किती खोल गेली आहे ते एका नावातून कळतं. २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मजकुरासाठी एक गुण आला, ‘एलिगंट टेक्स्ट हाइट’. मराठीत म्हणायचं तर शोभिवंत उंची. त्याचा अर्थ असा: रोमनच्या उंचीत बसावेत म्हणून दाबलेले टंक वापरू नका, लिपीला तिची पूर्ण उंची द्या. गूगलच्या नोटो टंकपरिवारात देवनागरीचीही ‘यूआय’ नावाची, तंग जागेसाठी केलेली आवृत्ती आहे. म्हणजे दाबलेलं रूप हे नेहमीचं, आणि स्वतःच्या अंगाचं रूप ही शोभा, हवी असेल तर मागून घ्या. टीकाकारानं यातलं विशेषण पाहावं. वेलांटीला जागा मिळणं हे शोभिवंत कसं? ती गरज आहे. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲप्समध्ये हा गुण आपोआप चालू असतो. तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती, थाई, अरबी अशा अनेक लिपींना त्याचा फायदा आहे. दहा वर्षांनी का होईना, शोभा हा नियम झाला. विशेषण मात्र तसंच राहिलं.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. एकच निरोप तीन घराण्यांत तीन नावांनी जातो. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये तो ‘इनव्हॅलिडेट-मेझर’: माप रद्दबातल करा. अँड्रॉइडमध्ये ‘रिक्वेस्ट-लेआउट’: मांडणीची विनंती. ॲपलकडे ‘सेट-नीड्स-लेआउट’: मांडणीची गरज आहे अशी खूण. रद्द, विनंती आणि गरज. मला तिसरं नाव बरं वाटतं, कारण त्यात कामाची खरी रीत दिसते. गरज नोंदवायची आणि थांबायचं. दहा जणांनी दहा गरजा नोंदवल्या तरी मोजणी एकदाच होते. लगेच हवीच असेल तर ‘लेआउट-इफ-नीडेड’ असा वेगळा निरोप आहे, पण तो जपून वापरायचा. डब्ल्यूपीएफचं नाव कोरडं असलं तरी विचार सगळ्यात नेटका वाटतो. तिथं पेटीचा प्रत्येक गुण घोषित करतानाच लिहून ठेवता येतं की हा बदलला तर कशावर परिणाम होतो: माझ्या मापावर, माझ्या मांडणीवर, माझ्या आईपेटीच्या मापावर, की नुसत्या रंगावर. म्हणजे लिहिणाऱ्याला आधीच विचार करावा लागतो. अक्षराचा आकार ही रंगाची बाब की मापाची? मी हा प्रश्न स्वतःला विचारला असता तर आईला तो विचारावा लागला नसता.

तिसरा दोष उलट्या बाजूचा आहे, सारखं सांगत राहण्याचा. एकदा चटका बसला की लिहिणारा घाबरून प्रत्येक ठिकाणी मोजणी मागतो. मोजणी चालू असताना पुन्हा मोजणी मागतो. अँड्रॉइड यावर नोंदवहीत कुरकुर करतं की मांडणी सुरू असताना अयोग्य रीतीनं मांडणी मागितली, म्हणून दुसरी फेरी करतोय. मीही दुरुस्तीनंतर पहिल्या उत्साहात हेच केलं. पडद्यावर अभंग सरकवताना आईचा फोन अडखळू लागला. म्हणजे काटकसर हा यंत्राचा दुष्टपणा नव्हे. मोजायला वेळ लागतो आणि स्वस्त फोनवर जास्त लागतो. शिस्त एवढीच: माप बदललं तर सांगा, नाही बदललं तर गप्प राहा.

वेबवर याच दुखण्याचं वेगळं रूप दिसतं. मराठी पान उघडतं तेव्हा त्याचा खास टंक अजून वाटेत असतो. तोवर फोनमधल्या टंकात मजकूर मोजून मांडला जातो. मग टंक येतो, सगळं पुन्हा मोजलं जातं आणि पान उडी मारतं. तुम्ही वाचत होता ती ओळ खाली जाते. २०२० पासून गूगल या उड्यांना एक आकडा देतं आणि ०.१ पर्यंतचा आकडा चांगला धरतं. शहरात ही उडी डोळ्याला कळायच्या आत होऊन जाते. आमच्याकडे रेंज एका काडीवर असली की परिच्छेदभर वाचून झाल्यावर होते. इथं मोजणी बरोबर होते, फक्त उशिरा. माझ्या मते साहित्याच्या पानानं शोभेच्या टंकापेक्षा वाचकाची ओळ जपावी. टंक बदलायचाच असेल तर दोन्ही टंकांची उंची-रुंदी जुळवून घ्यायची सोय आता ब्राउझरांत आहे.

आणि हे फक्त मराठीचं गाऱ्हाणं नाही. परभणीत दुकानांच्या पाट्यांवर मराठीशेजारी उर्दू दिसते. उर्दूचं नस्तालिक वळण उजवीकडून डावीकडे लिहिताना वरून खाली उतरत येतं. अक्षरं जितकी जास्त जोडली जातील तितका शब्द उंच सुरू होतो. म्हणजे ओळीची उंची शब्दावर अवलंबून. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून मोनोटाइपनं ‘नूरी नस्तालिक’ केला, तेव्हा हजारो जोडाकार आधीच लिहून ठेवावे लागले होते. आजही कित्येक पडद्यांवर उर्दू सपाट नस्ख वळणात दिसते. त्याची कारणं अनेक आहेत, पण ठरीव उंचीची पेटी हे त्यातलं एक नक्की आहे. पेटीला शब्द मावेना म्हणून लिपीनंच वळण सोडलं.

साहित्याच्या बाजूनं यात काय पणाला लागतं? १९९५ साली परभणीत साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारायण सुर्वे होते. त्यांच्यासारख्या मुक्तछंदात लिहिणाऱ्या कवीची ओळ कुठं तुटते हे वृत्त सांगत नाही, कवी सांगतो. पडद्यानं ती भलतीकडे तोडली तर छंद तपासून चूक पकडायची सोयही उरत नाही. अभंगाला निदान नाममुद्रेची राखण आहे. नव्या कवितेला तीही नाही. शेवटच्या दोन ओळी पेटीबाहेर गेल्या तर वाचक म्हणेल, कवीला एवढंच म्हणायचं असेल. कापलेला मजकूर आपण कापले गेलो असं सांगत नाही, म्हणून ही चूक छपाईच्या चुकीपेक्षा वाईट. उलटं पडलेलं अक्षर डोळ्यांत खुपतं. नसलेली ओळ खुपत नाही.

म्हणून मराठी ॲपची, मराठी पानाची समीक्षा करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की शब्द तपासा, तसं मापही तपासा. त्यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही. यादीत ‘पूर्णा’ आणि ‘जिंतूर’ शोधा, डोकं आणि पाय शाबूत आहेत का बघा. फोनमध्ये अक्षर मोठ्यात मोठं करा. अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून ते दुपटीपर्यंत वाढवता येतं. तसं केल्यावर कवितेची शेवटची ओळ येते का पाहा. भाषा बदलून परत मराठीवर या आणि बटणं पुन्हा वाचा. एवढ्यात बहुतेक पेट्या उघड्या पडतात.

मी माझ्या पेटीत मोजणीचा निरोप घातला आणि ॲप पुन्हा आईच्या फोनवर टाकलं. तिनं अक्षर मोठं केलं, अभंग शेवटापर्यंत खाली सरकवला. “आता हाय,” म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या चरणापासून वाचायला लागली.